टोपण आणि पेरू

जानेवारीचा दुसरा सोमवार, सकाळची इंजेक्शनं. बारामतीतल्या एका लहान रुग्णालयात मी सिस्टर-इन्चार्ज आहे. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, ती तशीच पांढऱ्या डब्यात टाकायची, हे नव्या मुलींना शिकवणं माझ्याकडं. शिकवताना मी फार रागावते.

इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्याचे एक तात्या वॉर्डात होते. त्यांना इंजेक्शन दिलं, तेवढ्यात त्यांच्या मालकीणबाईंनी घरच्या बागेतले पेरू पुढं केले. घरचं फळ नाकारता येत नाही, आणि एका हातानं घेणं बरं दिसत नाही. हात मोकळे करायला मी घाईनं सुईला टोपण लावायला गेले. सुई माझ्या बोटात घुसली.

"अवो बाई, रगत आलं की!" मालकीणबाई म्हणाल्या.

"काही नाही," म्हणत मी पेरू घेतले. दोन्ही हातांनी.

बोट साबणानं धुतलं आणि औषधांच्या खोलीत जाऊन बसले. सांगावं की गिळावं? त्या रक्तात रक्तातून पसरणारी कावीळ-बिवीळ काही असेल, तर औषध वेळेत सुरू व्हावं लागतं; ताबडतोब कळवा, हा कागद भिंतीवर मीच चिकटवलाय. तरी अर्धा तास मला काविळीपेक्षा त्या मुलींचीच भीती वाटत होती. मग स्वतःलाच एक शिवी घातली आणि डॉक्टरांकडं गेले.

"काविळीच्या लसीचे तिन्ही डोस झालेत ना?" त्यांनी विचारलं.

दोन झाले होते. तिसऱ्याच्या वेळी मी इतरांचे राहिलेले डोस शोधत फिरत होते.

तात्यांकडं तपासणीसाठी रक्त मागायला गेले.

"म्हंजे सुई टोचली तुमाला, आन् तपासायचं मला?"

"होय, तात्या."

"घ्या. पर ह्या बारीला नीट बगून टोचा."

दुपारी रिपोर्ट आला. एचआयव्ही नाही, कावीळ नाही. तोवर मी नव्या मुलींपैकी दोघींवर विनाकारण ओरडून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीआधी सगळ्यांत नव्या मुलीपुढं बाही वर करून बसले, राहिलेला डोस घ्यायला.

"सिस्टर, हात सैल सोडा," ती म्हणाली.

सोडला. तिनं इंजेक्शन दिलं, सुई तशीच डब्यात टाकली आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. शाबास म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मिटून कामाला लागले.