चंदन लावलेला बॅकअप

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, ऑफिसात ओल्या चंदनाचा वास सुटला की मला चेन्नईजवळच्या अंबत्तूरचा आमचा नटबोल्टचा छोटा कारखाना आठवतो. मी तेव्हा पुण्याहून तिथे नोकरीला नवीनच आलो होतो. त्या दिवशी यंत्रांना विश्रांती, म्हणून यूपीएससुद्धा बंद करून त्याला झेंडूची माळ घातलेली. मीही उत्साहात डेटाबेसच्या बॅकअपची एकुलती एक सीडी पूजेत मांडली आणि तिला चंदन-कुंकू लावलं, तेही चकचकीत बाजूला, कारण तीच बाजू शोभत होती.

नेमका श्रीपेरुंबुदूरच्या गिऱ्हाइकाचा माल न्यायला ट्रक आला. यादी काढायला मी कॉम्प्युटर थेट भिंतीवरच्या प्लगला जोडला आणि वीज गेली. परत आली तेव्हा डेटाबेस उघडेना.

"सीडी आहे की," स्टोअर सांभाळणारे तंजावरचे राव म्हणाले. मग त्यांना ती पूजेत दिसली. "पूजेतलं उद्यापर्यंत हलवायचं नाही, तंबी." धाकट्या भावाला म्हणावं तसं ते मला तंबी म्हणायचे.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. रावांनी डोळे मिटले, पूजेतल्या देवीकडे तमिळमध्ये अर्धा तास उसना मागितला आणि नेसलेल्या पांढऱ्या वेष्टीच्या टोकाने सीडी पुसायला घेतली. तिसऱ्यांदा पुसल्यावर ती चालली. ट्रक गेला, सीडी पूजेत परतली. रावांनी पुन्हा चंदन लावलं, नाव लिहिलेल्या बाजूला.

आज सकाळी मी यूपीएसला माळ घातली, पण चालू ठेवून. राव असते तर रागावले असते. देवी काही बोलली नाही.