मालतीताईंची हळद

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मालतीताई साळवे हे नाव सांगतो. आईवडिलांनी मला शिकायला पाठवलं. शिकून आल्यावर चारचौघांत मान वर करून उभं राहायला मालतीताईंनी शिकवलं. त्या गेल्या त्याला आता सात आठवडे झाले. नगरहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाताईंचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये रांगेत उभा होतो. "झालं रे बालाजी," एवढंच त्या म्हणाल्या. मी रांगेतून बाजूला झालो नाही. थाळी घेतली, टेबलापाशी बसलो, आणि मग समोरचं काही दिसेना...

मी वसमतचा. घरात पहिला पदवीधर. एम.ए. करायला दिल्लीत आलो तेव्हा मुनिरक्यात खिडकी नसलेली एक खोली आणि शाळेतल्या बाईंनी दिलेला एक फोन नंबर, एवढंच माझ्याकडे होतं. तो नंबर मालतीताईंचा. बाई आणि त्या कॉलेजात एका वर्गात होत्या. मालतीताई केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरीला, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरात एकट्या राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. पगाराचा मोठा भाग नगरला आईच्या औषधपाण्याला आणि भाच्यांच्या शिक्षणाला जायचा. उरलेल्यात त्या ज्या थाटात जगायच्या, तसा थाट मी पुढे साहेबांच्या घरांतही पाहिला नाही.

पहिल्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी भावाच्या लग्नात शिवलेला चकचकीत सूट घालून त्यांना दाखवायला गेलो. दारातच त्या म्हणाल्या, "अरे देवा! वरात कुठंय? मागून येतेय का?" मग तशाच चपला घालून मला सरोजिनी नगरच्या बाजारात घेऊन गेल्या. ढिगातला शर्ट उचलला की आधी उलटा करायचा, शिवण बघायची, काखेत ओढून बघायचा, मग रंग. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एक्सपोर्ट का माल है." ताई म्हणाल्या, "बिल्कुल है भैया, इसीलिए तो एक बाजू छोटी है." त्या आकाशी शर्टात मला अनुवादकाची नोकरी लागली.

रविवारी सकाळी त्यांच्याकडे उटण्याचा कार्यक्रम असे. मसुराच्या डाळीचं पीठ, दुधाची साय, हळद. लोखंडी कढईत रात्रभर भिजलेली मेंदी डोक्याला. शेजारच्या शमीमभाभी येत. उटणं सुकेपर्यंत कुणी बोलायचं नाही, चेहऱ्याला चिरा पडतात, असा ताईंचा नियम. तेवढा वेळ गाणं. मोबाइल स्टीलच्या पातेल्यात ठेवायचा, म्हणजे आवाज भरून येतो. पिवळ्या चेहऱ्याच्या दोन बायका डोळे मिटून ख्याल ऐकत बसलेल्या आणि मी त्यांच्यासाठी चहा करतोय... ते घर मला तसंच आठवतं. हिवाळ्यात दिल्लीत ठिकठिकाणी फुकट मैफिली होतात. ताई एकही सोडत नसत, आणि प्रत्येक मैफिलीला ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून जात. "पास फुकट आहे, आपण नाही," म्हणायच्या.

गेल्या दिवाळीनंतर मी गावाहून त्यांच्यासाठी आमच्या शेतातली हळद आणली. डबा उघडून वास घेतला आणि त्या खूश झाल्या. येईल त्याला सांगू लागल्या, "ही आमच्या बालाजीच्या शेतातली. बाजारातली विसरा." माझा ऊर भरून यायचा. आमच्या घरची एखादी गोष्ट दिल्लीत कुणाला इतकी आवडली, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

थंडी वाढली तशी त्यांची कातडी पिवळट दिसू लागली. शमीमभाभी म्हणाल्या, "मालती, तू लग्नाच्या आधीची नवरी दिसतेस." ताई हसल्या, "अस्सल हळद आहे यार, धुतली तरी जात नाही." अंगाला खाज सुटली, तेव्हा दोष गेला ढिगातून आणलेल्या लोकरीच्या स्वेटरवर. वजन उतरलं, तर त्यांना आनंदच झाला. बाजारात छान कपडे नेमके लहान मापाचे उरतात, ते आता बसू लागले होते. आम्हा तिघांपैकी एकालाही डॉक्टर आठवला नाही. प्रत्येक खुणेला त्यांच्या हौसेतलंच एक कारण तयार होतं.

जानेवारीत एका सकाळच्या मैफिलीला आम्ही गेलो. सभागृहाबाहेर लख्ख ऊन होतं. ताईंनी जांभळी साडी नेसली होती, डोळ्यांत काजळ. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. "काय बघतोस? जास्त झालं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही ताई, छान दिसताय." आम्ही आत गेलो. पुढची रांग मिळाली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या ऑफिसात चक्कर येऊन पडल्या. पित्तनलिकेशी गाठ होती, पसरलेली. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हटल्यावर सुनंदाताई त्यांना नगरला घेऊन गेल्या. स्टेशनवर ताईंनी माझी कॉलर नीट केली. मला जे सांगायचं होतं ते मी तिथेही सांगू शकलो नाही. खोलीवर येऊन पत्र लिहिलं. आधी कच्चं, मग पक्कं, शाळेत शिकवलं होतं तसं. पत्र पोचलं. सुनंदाताईंनी ते वाचून दाखवलं. ताईंनी ऐकलं आणि भिंतीकडे कूस बदलली, असं सुनंदाताई सांगतात. त्यानंतर त्या नऊ दिवस होत्या. कच्चं पत्र माझ्याकडे आहे, ते इथे देतो.

"ती. मालतीताईंना बालाजीचा सा. न.

मैफिलीच्या दिवशी तुम्ही विचारलंत, काय बघतोस. मी तुमचे डोळे बघत होतो. बुबुळाभोवतीचं पांढरं पिवळं झालं होतं. मी सातवीत असताना वडिलांना कावीळ झाली होती, त्यामुळे तो रंग मी ओळखतो. उटणं डोळ्यांत जात नाही, हे मला त्या क्षणी कळलं होतं. तरी मी छान दिसताय म्हणालो. मैफल चुकेल म्हणून नाही. तुम्ही आमच्या हळदीचं सगळ्यांना कौतुक सांगत होता आणि ते कौतुक मला हवं होतं. हा रंग हळदीचा नाही असं मी म्हणालो असतो, तर ते संपलं असतं. इतकं क्षुद्र कारण आहे, ताई.

डॉक्टर म्हणतात, तीन आठवड्यांनी काही फरक पडला नसता. ते मला सोयीचं आहे, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

माफी मागत नाही, कारण तुम्ही ती लगेच देऊन टाकाल. रागाच्या दोन ओळी लिहा. त्या माझ्याकडे राहू देत.

आपला,
बालाजी"