बंदूक माझी, खांदा सोमाचा

मंडळी, आपल्या फिरत्या वहीत आजचं पान माझं. सहलीवर लिहिणार होतो, ते राहू दे.

आमचं संस्थान विलीन झालं, म्हणून वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर आलेल्या बंदुकीचा परवाना ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत बदलून घ्यायचा होता. सकाळी गावाहून निघालो. बंदूक आमचा गडी सोमा याच्या खांद्यावर होती. संस्थानात मालकाची बंदूक गडीच उचलतो. शिवाय कल्याणात शिकायला गेलेले माझे विद्यार्थी भेटतील, त्यांच्यासमोर खांद्यावर बंदूक घेऊन हिंडायची मला लाजही वाटत होती.

शहाडच्या नाक्यावर हवालदाराने अडवलं.

"मास्तर, परवान्यावर नाव तुमचं. ह्या गड्याचं कुठाय?"

"आमच्याकडे लागत नाही."

"इथे लागतं. नाहीतर त्याच्यावर खटला." मग आवाज उतरवून म्हणाला, "वाटभर तुम्हीच आणलीत ना? ह्याने आत्ता घटकाभर धरली असेल."

तो माणूस मला वाट काढून देत होता. पण मी आयुष्यात पोलिसाशी खोटं बोललेलो नाही. म्हणालो, "नाही. गावापासून त्यानेच आणली."

हवालदाराने माझ्याकडे असं पाहिलं, की ती नजर अजून अंगावर आहे. चौकीत मला खुर्ची आणि चहा मिळाला, सोमाला कोठडी.

निघताना सोमा गजांतून म्हणाला, "मालक, घरी बायकोला हे सांगू नका. कल्याणात काम लागलंय म्हणा."

मंडळी, त्याला वाचवणारं खोटं माझ्या तोंडून निघालं नाही. आता हे कोणत्या तोंडाने बोलू?