प्रज्ञाशी राहून गेलेला वाद

प्रज्ञाशी माझी शेवटची भेट वादावरच संपली. नंदनवन वस्तीतल्या तिच्या घरी, उशांना टेकून ती पलंगावर बसली होती. आजारानं आवाज पार खोल गेला होता, पण मुद्दा सोडायची तयारी नव्हती. पुढच्याच आठवड्यात ती गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला. तेव्हापासून इतक्यांना सांगून झालंय की आता बोलायचाही थकवा येतो... म्हणून लिहितोय.

आम्ही दोघं नोकरी सांभाळून एका वेब फ्रेमवर्कचं काम करायचो. वेबसाइट उभी करायचा हा तयार सांगाडा, जगभरातले लोक मिळून तो फुकट सांभाळतात. त्यात एक जुनं दुखणं होतं. ऑर्डरींची यादी दाखवायची आणि प्रत्येकीपुढे गिऱ्हाइकाचं नाव, तर प्रोग्राम एकेका नावासाठी डेटाबेसकडे वेगळी खेप घालायचा. पान उघडता उघडत नसे. प्रज्ञानं उपाय आखला : पहिलं नाव मागितलं गेलं, की त्याच खेपेत यादीतली सगळी नावं आणून ठेवायची. मी शंका काढली की ती पाहुणे बसायच्या बैठकीच्या खोलीकडे बोट दाखवायची.

"पाहुण्यातल्या एकानं पाणी मागतलं तर आई एकच गिलास आणते का गा? सगळ्याइले आणते."

"अन् बाकीच्याइले तहान नसली तर?"

"मंग तू बिनपाण्याचा बैस."

आतून काकू, म्हणजे तिची आई, हसायच्या.

उपाय सगळ्यांना मान्य झाला. अडलं ते एवढ्यावरच, की तो सगळ्यांसाठी मुळातच चालू ठेवायचा की बंद. ती म्हणे चालू. मी म्हणे बंद. वर्षानुवर्षं नीट चाललेल्या साइटींच्या पोटात हात कशाला घालायचा? ज्याला हवं तो चालू करील. तो भाग आम्हा दोघांकडे होता, म्हणून दोघांचा होकार लागणार होता.

"मी गेली म्हणून हो म्हणू नको," ती त्या दिवशी म्हणाली. "पटलं तरच म्हणजो."

"असं काहून बोलून राहिली तू?"

"तुले ओळखतो म्हणून."

ती गेल्यावर चहूकडून तेच आलं. तिच्या आठवणीसाठी चालूच ठेवा. मला राग आला. ओळीओळीसाठी भांडलेल्या बाईला शेवटी दयेचा होकार द्यायचा? मी नकार लिहायला बसलो. तिची बाजू मांडायला कोणी उरलं नव्हतं, तेव्हा तीही मीच लिहिली, तिनं लिहिली असती तशी. ज्याला आपलं पान कशानं रखडतं हेच ठाऊक नाही, तो उपाय चालू करायला येईल कुठून? त्याच्यासाठीच तर हे केलं.

बरेच दिवस मी याला उत्तराच्या ओळी लिहायचो आणि खोडायचो. शेवटी मी होकार कळवून टाकला.

पटलं म्हणून कळवला, की एकट्यानं भांडायचं त्राण उरलं नव्हतं म्हणून... मला खरंच कळत नाही. ते तोंडावर सांगणारी तीच एकटी होती.