झीज मोजणारे सुर्वे सर

सुर्वे सरांची आणि माझी पहिली भेट कॉलेजच्या कार्यशाळेत झाली. मदतनीसाची जागा होती. डिप्लोमा दुसऱ्या वर्षातच सुटल्यामुळे आपल्याला घेणार नाहीत, असे धरूनच मी गेलो होतो. सरांनी एक गोल तुकडा हातात दिला आणि व्यास मोजायला सांगितला. भीतीने मी तो पुनःपुन्हा मोजला. दर वेळी आकडा किंचित वेगळा आला. कोणता सांगावा ते कळेना, म्हणून सगळे सांगितले.

"यातला बरोबर कुठला?" सरांनी विचारले.

"माहीत नाही, सर."

"उद्यापासून ये," सर म्हणाले.

सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या अध्यापनाविषयी इतर मान्यवर लिहितीलच. मी फक्त त्यांच्या संशोधनाविषयी लिहितो, कारण ते मी जवळून पाहिले आहे. सर नोकरी सांभाळून उत्पादन अभियांत्रिकीत पीएच.डी. करत होते. मासेमारीच्या होडीच्या पंख्याचा दांडा धातूच्या एका जाड नळीत फिरतो. तिला बुश म्हणतात. खाऱ्या पाण्याने आणि रेतीने बुश झिजतो आणि तीन-चार वर्षांत बदलावा लागतो. ओतकाम करताना धातू वेगळ्या पद्धतीने थंड केला, तर ही झीज कमी होईल का, हा सरांचा प्रश्न होता. त्यासाठी तेच बुश सलग तीन हंगाम समुद्रात चालवून, प्रत्येक हंगामानंतर त्यांचे वजन करायचे होते.

हर्णेचे मच्छीमार पांडूतात्या यांनी आपल्या होड्या त्यासाठी दिल्या. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारल्या की सर एस.टी.ने दापोलीमार्गे हर्णेला जात. बुश स्वतः काढत, गोड्या पाण्यात नुसते बुडवून फडक्यात गुंडाळत. दोन हंगाम असेच झाले. आकडे चांगले येत होते. प्रबंधासाठी विद्यापीठाने दिलेली मुदतवाढ शेवटची होती, पण तिसरा हंगाम त्यात बसत होता.

त्या वर्षी परीक्षेच्या कामामुळे सरांना निघायला चार दिवस उशीर झाला. मीही सोबत होतो. आम्ही पोहोचलो तेव्हा बुश तात्यांच्या देव्हाऱ्यात होते. प्रत्येकाला हळदकुंकू, वर जास्वंदीचे फूल. सोन्यासारखे चकाकत होते.

"सर येईत नाय, म्हटलं आपणच काढू," तात्या म्हणाले. "होडीचं काय उघडलं की आमच्यात घासून देवाजवळ ठेवतात. नारळी पुनवेपर्यंत."

त्यांच्या पत्नी काशीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काळेकुट्ट झाले हुते वो सर! आदी चिंच लावली, मग राखेनं घासले. हात भरून आले माजे. ह्यांनी काय केलं इचारा. फूल ठेवलं!"

"फूल झाडावर चढून काडलं," तात्या म्हणाले.

"चढून! हाताला लागतंय ते झाड."

सर हसले. मी सरांच्या चेहऱ्याकडे पाहू शकलो नाही. समुद्राने किती झिजवले आणि चिंच-राखेने किती, हे आता कोणत्याही काट्यावर वेगळे होणार नव्हते.

"फार सुंदर निघालेत, काशीबाई," सर म्हणाले. त्यांनी तिथे जेवण केले, कालवण पुन्हा मागून घेतले. काय झाले आहे ते त्या दोघांना त्यांनी आजपर्यंत कळू दिलेले नाही. हा अंक तिकडे जाणार नाही, अशी काळजी मी संपादकांना घ्यायला सांगितली आहे.

परतीच्या एस.टी.त मी म्हणालो, "सर, दोन हंगामांच्या आकड्यांवरून तिसऱ्याचा अंदाज काढता येईल."

"येईल. कोणाला कळणारही नाही."

खेड आले. मग सर म्हणाले, "अंदाजच लिहायचा होता, तर बुश होडीत कशाला घातले? कपाटात ठेवले असते."

सरांनी तो हंगाम बाद म्हणून कळवला. पुढची मुदत मागितली, ती मिळाली नाही. नोंदणी रद्द झाली. सरांचे विद्यार्थी त्यांच्या डोळ्यांदेखत डॉक्टर झाले, त्यातले एक आज आमचे विभागप्रमुख आहेत. त्यांचा प्रबंध सरांनीच ओळ न् ओळ तपासून दिला होता. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणाले, "सुर्वे, एक आकडा टाकला असतात तर आज दारावर डॉक्टरची पाटी असती." सर म्हणाले, "दाराला ती जड झाली असती." सगळे हसले. त्यानंतर कित्येक दिवस सर डबा कार्यशाळेत, माझ्याजवळ बसून खात. अर्धी पोळी तशीच परत जाई.

प्रबंधातले ऋणनिर्देशाचे पान सरांनी लिहून ठेवले होते. शेवटच्या ओळीत काशीबाईंचे नाव आहे, 'नमुन्यांची निगा राखल्याबद्दल.' ती ओळ त्यांनी हर्णेहून आल्यावर घातली. ते पान आता कोठेही छापले जाणार नाही, म्हणून येथे नोंदवतो.

गौरवलेखाचा शेवट आशेने करावा, असे संपादकांनी सुचवले आहे. मी प्रयत्न केला, पण जमले नाही. सरांना पदवी मिळो, असे लिहिले तर ते खोटे होईल. ती मिळणार नाही. सत्य सांगण्याचे फळ मिळते, असेही मला या कामात कोठे दिसले नाही.

मात्र यंदा सरांनी नवे बुश ओतले आणि तात्यांच्या होड्यांत बसवले. मी विचारले, "आता कशाला, सर? नोंदणीच नाही."

"झीज किती होते ते अजून कळलेलं नाही ना," सर म्हणाले.

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून तीन हंगाम. सरांचे गुडघे दुखतात, एस.टी.ची पायरी चढताना ते दांडा दोन्ही हातांनी धरतात. परमेश्वराने त्यांना उदंड आयुष्य आणि धड प्रकृती द्यावी. आणि तिसऱ्या हंगामाचे बुश बाहेर निघतील, तेव्हा ते मोजायला सर स्वतः असावेत.