शुक्रवारचा तास आणि रडका नळ

आमची सून रुचिता नवघरच्या एका शाळेत नववीला फिजिक्स शिकवते. मी चौथीतच शाळा सोडलेली, त्यामुळे तिचं फिजिक्स मला कळत नाही. तिची चिडचिड मात्र तोंडपाठ आहे.

शुक्रवारचा शेवटचा तास तिने भांडून मिळवला होता. त्या तासाला प्रश्न मुलांनी विचारायचे. पण मुलांचा प्रश्न एकच, "मिस, हे परीक्षेला येणार का?" शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, "या शुक्रवारी मी मागे बसते. एक तरी धड प्रश्न आला तर तास तुमचा. नाहीतर तिथे सराव पेपर."

घरी येऊन रुचिताने कुकर आदळला. "आई, क्लासवाले सर मुलांना प्रश्नसुद्धा पाठ करायला देतात! उत्तरासकट!"

"बरंय की, तुझं काम वाचलं."

असं बघितलं तिने माझ्याकडे, की मी मुकाट्याने लसूण सोलायला घेतला.

तेवढ्यात तळमजल्यावरची पायल विरजण मागायला आली. तिच्याच वर्गातली. मोरीत हात धुताना म्हणाली, "आजी, तुमचा नळ असा काय रडतो? टाकी तर तुमच्याच डोक्यावर आहे. आमच्याकडे बघा, धो धो येतं."

रुचिता उठलीच. "हे वर्गात का नाही गं विचारत?"

"मिस, हा प्रश्न थोडीच आहे? ही तर कम्प्लेंट झाली."

"मग कम्प्लेंटला 'किती' लाव. एकेक मजला खाली गेलं की बादली किती लवकर भरते?"

"पण ह्याचं उत्तर गाइडमध्ये नसणार."

"म्हणूनच विचार, बाई माझे!"

शुक्रवारी पायलने खणखणीत विचारलं. वर्ग हसला. मोठ्या बाई म्हणाल्या, "बाळा, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला विचार." झालं. तास गेला.

त्या संध्याकाळी रुचिताने चहाही घेतला नाही. मी तरी काय समजावणार? बेल वाजली. दारात पायल, हातात बादली.

"मिस, खालचे सगळे मजले झाले. तुमचाच राहिलाय."

"आता कशाला? तास गेला ना."

"तास गेला मिस, पण नळ तर तसाच आहे."

मोबाइलवर घड्याळ लावून दोघी मोरीत बसल्या. नळ मेला ठिबकतोय, बादली काही भरत नाही, आणि माझे तांदूळ तसेच धुवायचे राहिलेले.