वाळूवर टाइमपास चाललाय

रविवारी सकाळी सव्वादहाला एका पांढऱ्या गाडीने माझ्या पोरीची भातुकली चिरडली, तेव्हापासून हे किस्से जमायला लागले. पोर वाचली, कारण ती नेमकी करवंटी घेऊन समुद्राचं पाणी आणायला गेली होती. गाडीवाला वाळूत गाडी गोल गोल फिरवत होता. मी धावत गेले तर काच खाली करून म्हणाला, "काय झालं ताई? टाइमपास चाललाय."

काशीदच्या बाजूला, सुरूच्या झाडांपुढे माझी भजी-मॅगीची टपरी आहे. स्वरा चार वर्षांची. रविवारी अंगणवाडी बंद आणि आमचा धंदा रविवारचाच. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून ती माझ्यासमोर वाळूत खेळते. शेजारी सुगंधाकाकीची नारळपाण्याची गाडी, पलीकडे रेश्माचा बर्फाचा गोळा. रेश्माचा पोरगा तर दोनच वर्षांचा. तिघी मिळून पोरांवर लक्ष ठेवतो, पण गिऱ्हाइक आलं की डोळे तेलावर ठेवावे लागतात. त्या रविवारपासून दिवसभरात कुणी टाइमपास म्हणालं की संध्याकाळी आवराआवर करताना आम्ही एकमेकींना सांगतो. एक दिवस रिकामा जात नाही.

सातवीच्या पुस्तकात करमणूक असा शब्द होता. बाईंनी वाक्यात उपयोग करायला सांगितला, तर मी लिहिलं होतं, 'जत्रेत आमची खूप करमणूक झाली.' तिथेच माझी शाळा संपली. आता करमणूक कुणी म्हणत नाही. आणि आमची जत्रा वर्षातून एकदा यायची, ही दर शनिवारी येते.

*

एक कॉलेजचा पोरगा सुगंधाकाकीकडे शहाळं प्यायला आला. चांगला होता बोलायला. "काकी, इथं समुद्रावर राहता, मजा हाय तुमची. तुमचा टाइमपास काय?"

काकी कोयता चालवत म्हणाली, "भांडी घासते."

"आणि ती झाल्यावर?"

"मंग तू जिथं उतरलायस ना, तिथली घासते."

पोरगा खूप हसला. काकी हसली नाही. तिने मलई काढून दिली.

*

आमचे हे बनाना राइडच्या बोटीवर आहेत. लांब फुग्यावर माणसं बसवायची, बोटीने ओढायची आणि शेवटी वळण घेऊन सगळ्यांना पाण्यात पाडायचं. ते पाडणं लोकांना आवडतं. पण ज्याला नको असेल त्याला पाडायचं नाही, असा यांचा नियम.

एका शनिवारी एक नवरा यांच्या कानात म्हणाला, "भाऊ, पलटी पाहिजे. बायकोला बोलू नका." यांना वाटलं, तिला माहीत असेल, मस्करी चाललीय. पाडलं. बाई जॅकेटवर तरंगत होती, पण घाबरून तिला श्वास घेता येईना. किनाऱ्यावर आल्यावर ती यांच्यावरच ओरडली, "तुम्हाला घरात बायका नाहीत का?" नवरा मोबाइल पुसत म्हणाला, "अगं, टाइमपास केला जरा."

हे घरी आले आणि अंगणात तसेच आडवे झाले. स्वरा पाठीवर चढली. "बाबा, होडी होडी खेळू."

"उद्या."

"उद्या कुठला वार?"

"रविवार."

"मंग उद्या न्हाय," ती म्हणाली आणि स्वतःच खाली उतरली.

*

गाडीच्या प्रकारानंतर मी घाबरून स्वराच्या कमरेला ओढणी बांधली आणि दुसरं टोक टपरीच्या खांबाला. आमच्या आईने मला असंच शेताच्या बांधावर झाडाला बांधलं होतं, म्हणून त्यात मला काही वावगं वाटलं नाही. एका मॅडमने मात्र त्याचा व्हिडिओ काढला.

"मुलीला जनावरासारखं बांधता? लाज वाटत नाही?"

मी म्हटलं, "मॅडम, गाड्या येतात."

"मग लक्ष ठेवायचं. आई आहात ना?"

तेवढ्यात चार जाड चाकांची ती वाळूतली मोटरसायकल आमच्या दोघींच्या मधून गेली. वर एकटाच, दहा-अकरा वर्षांचा मुलगा. मी स्वराला उचलून घेतलं. मॅडमनी मोबाइल त्याच्याकडे वळवला आणि हात हलवला. "माझा मुलगा," म्हणाल्या. "अभ्यास फार असतो हो त्याला. म्हटलं, करू दे जरा टाइमपास."

*

मग आम्ही तिघी ग्रामसभेत गेलो. म्हटलं, गाड्या वाळूत उतरू देऊ नका. एक सदस्य म्हणाले, "वहिनी, गाडी अडवली तर लोक दुसऱ्या बीचवर जातील. लोकांना टाइमपास लागतो."

रेश्मा म्हणाली, "मंग आमची पोरं कुठं ठेवू?"

"घरी."

"घरी कोण हाय?"

यावर ते म्हणाले, विषय नोंदवून घेतला. पुढच्या महिन्यात बोर्ड लागला, 'वाहने वाळूत नेऊ नयेत'. मोठा आहे, पत्र्याचा. दुपारी त्याची चांगली सावली पडते, म्हणून आता गाड्या तिथेच लावतात.

*

शेवटी आम्हीच केलं. काकीच्या दिराकडून मासेमारीची फाटकी जाळी आणली, बांबू ठोकले आणि तिन्ही टपऱ्यांसमोर पोरांसाठी कुंपण घातलं. आत जाळ्याचे जुने फ्लोट, करवंट्या, रेश्माच्या पोराला प्लास्टिकची बादली. दोन रविवार मी शांतपणे भजी तळली.

तिसऱ्या रविवारी एकाने विचारलं, "किड्स झोन है क्या? टिकट कितना?" रेश्मा म्हणाली, "टिकट न्हाय, हमारा बच्चा लोग है." त्याने फक्त 'टिकट न्हाय' एवढंच ऐकलं असावं. त्याने आपली दोन मुलं उचलून आत ठेवली आणि बोटीच्या लायनीत गेला. ते बघून दुसऱ्याने ठेवली. मग तिसऱ्याने. एक बाई तर मला सांगून गेली, "ताई, जरा बघा हं, आम्ही तासाभरात येतो." माझ्यासमोर चौदा प्लेट मॅगीची ऑर्डर होती.

कढई उतरवून वर बघितलं तर जाळीत पोरंच पोरं, त्यात आमची स्वरा दिसेना. ती बाहेर होती. उघड्या वाळूत, जिथे टायरच्या खुणा असतात तिथे, उकिडवी बसून चूल मांडत होती. मी धावत गेले, दंड धरून उठवलं. "आत बस सांगितलं व्हतं ना तुला? बाहेर का आलीस?"

"आत जागा न्हाय, आई," ती म्हणाली. "पाव्हणे आलेत."

तुमच्या ओळखीचं कुणी आमच्याकडे यायचं असेल तर एवढं सांगा. गाडी सुरूच्या झाडांपाशीच थांबवा. पुढे वाळूत माझी मुलगी असेल.